मोरचुदाचा जमाखर्च

अमरावतीहून परतवाड्याकडे निघाले की दहाएक किलोमीटरवर वलगाव लागते. पेढी नदीच्या काठचे हे गाव. संत गाडगेबाबांनी २० डिसेंबर १९५६ रोजी याच परिसरात देह ठेवला, त्यामुळे गावाचे नाव महाराष्ट्रभर ऐकलेले असते. वलगाव ओलांडून पुढे गेले की कपाशी आणि तुरीच्या शेतांमधून अधूनमधून संत्र्याच्या बागा दिसू लागतात. पावसाळ्याच्या तोंडाशी या रस्त्याने जाणाऱ्याचे लक्ष एका गोष्टीकडे हमखास जाते. बागेतल्या प्रत्येक झाडाचे खोड जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीपर्यंत फिकट निळ्या रंगाने सारवलेले असते. दुरून पाहिले तर झाडांनी पायमोजे घातल्यासारखे वाटते.

एकदा दिवाळीच्या आधी आम्ही नववीच्या मुलांना अशा एका बागेत नेले होते. खोडांवरचा निळा रंग तोवर बराच उडाला होता. एका मुलाने विचारले, "सर, पाऊस आला का हे सारं धुऊन जाते. मंग जाते कुठी?"

त्या वेळी मी "मातीत" एवढेच उत्तर दिले. उत्तर बरोबर होते, पण अपुरे होते. मातीत गेल्यावर त्याचे पुढे काय होते, हे सांगायचे तर सुमारे १४० वर्षांची एक गोष्ट सांगावी लागते. ती सुरू होते संत्र्याच्या बागेपासून फार दूर, फ्रान्समधल्या द्राक्षमळ्यांत.

खोडाला लावतात तो लेप म्हणजे बोर्डो पेस्ट. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि दहा लिटर पाणी. हेच दोन पदार्थ शंभर लिटर पाण्यात कालवले की होते एक टक्का बोर्डो मिश्रण. ते पानांवर फवारतात. संत्र्यावर पेस्ट लावतात ती डिंक्या रोगासाठी. खोडाची साल फुटते, तिच्यातून डिंक पाझरतो आणि झाड हळूहळू वाळते. या रोगाला कारण असणारा सूक्ष्मजीव म्हणजे फायटोफ्थोरा. या ग्रीक नावाचा अर्थच 'वनस्पतींचा नाश करणारा' असा आहे. आपण त्याला सवयीने बुरशी म्हणतो, पण आता वर्गीकरणात तो खऱ्या बुरशींपासून वेगळा काढला आहे आणि तपकिरी शैवालांच्या जवळचा मानला जातो. द्राक्षावरचा केवडा रोग ज्याच्यामुळे होतो तोही याच गोतावळ्यातला. म्हणून द्राक्षाचे औषध संत्र्याला चालले.

तांबे बुरशीला मारते हे प्रथम प्रयोगाने दाखवले ते बेनेदिक्त प्रेव्हो या अभ्यासकाने. तो मोंतोबाँ या गावी शिक्षक होता. गव्हावरच्या काणी रोगाचे बीजाणू पाण्यात टाकून ते रुजताना पाहणे हा त्याचा उद्योग. तांब्याच्या भांड्यातले पाणी घेतले की बीजाणू नीट रुजत नाहीत, हे त्याच्या ध्यानात आले. आपल्याकडे तांब्याच्या घंगाळातले पाणी पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेले, पण त्या पाण्यात काय रुजत नाही हे भिंगाखाली पाहण्याचे कुणाला सुचले नाही! प्रेव्होने आपला निबंध १८०७ साली प्रसिद्ध केला. रोग हा सूक्ष्म जीवामुळे होतो, असे सांगणारा हा फार आधीचा पुरावा होता. पाश्चरचा जन्मही तेव्हा झालेला नव्हता. त्या काळच्या विद्वानांनी मात्र त्याकडे फारसे लक्ष दिले नाही, आणि पाऊणशे वर्षे तांब्याचा हा गुण जवळजवळ विस्मृतीत राहिला.

तो पुन्हा बाहेर आला तो चोरांच्या भीतीने. १८६० नंतर फ्रान्सच्या द्राक्षमळ्यांवर फायलोक्सेरा नावाच्या, मुळे खाणाऱ्या किडीने घाला घातला. ही कीड अमेरिकेतून आलेली. अमेरिकन द्राक्षवेलींची मुळे तिला दाद देत नाहीत असे दिसल्यावर खुंटासाठी तिकडच्या वेली मोठ्या प्रमाणावर मागवल्या गेल्या. या देवघेवीत केवडा रोगही अटलांटिक ओलांडून आला. १८७८ मध्ये तो फ्रान्समध्ये ओळखला गेला. एका दुखण्यावरचा उपाय दुसरे दुखणे घेऊन येतो, याचा हा इतका स्पष्ट नमुना आहे की वर्गात तो जरूर सांगावा.

बोर्डो विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक असलेले पिएर मिलार्दे ऑक्टोबर १८८२ मध्ये मेदोक भागातल्या साँ-ज्युलियाँ गावाजवळच्या मळ्यांतून चालले होते. केवड्याने सगळीकडे पाने गळून पडली होती. रस्त्याकडेच्या वेलींवर मात्र पाने शाबूत होती आणि त्यांच्यावर निळसर थर दिसत होता. चौकशी केल्यावर कळले की वाटसरूंनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून तिथले लोक कडेच्या ओळींवर जंगाल, किंवा मोरचूद व चुना यांचे पाणी शिंपडतात. विषारी दिसणारी द्राक्षे कोण खाणार? रोगाचा विचार त्या शेतकऱ्यांच्या मनातही नव्हता. मिलार्दे यांनी युलिस गेयों या रसायनशास्त्रज्ञाच्या मदतीने आणि तिथल्या मळ्यांचे कारभारी एर्नेस्त दाविद यांच्या सहकार्याने प्रयोग केले आणि १८८५ मध्ये मिश्रणाची कृती जाहीर केली.

कृतीतले आकडे पाहण्यासारखे आहेत. शंभर लिटर पाण्यात ८ किलो मोरचूद आणि ३० लिटर पाण्यात १५ किलो कळीचा चुना. म्हणजे आपण आज एक टक्का वापरतो तिथे मिलार्दे यांचे मिश्रण सहा टक्क्यांच्या आसपास होते. शिवाय सुरुवातीला ते झाडूसारख्या जुडीने वेलींवर शिंपडले जाई. पानावर जेवढे पडे तेवढेच, किंवा जास्तच, जमिनीवर पडे. पाठीवरचे फवारणी पंप लवकरच आले, पण एकेका हंगामात अनेकदा फवारायची पद्धत कायम राहिली. द्राक्षमळे वाचले. फ्रान्समधल्या लाखो कुटुंबांचे पोट त्यावर होते, तेव्हा या मिश्रणाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही.

आता थोडे रसायनशास्त्र. मोरचूद म्हणजे स्फटिकरूप कॉपर सल्फेट. त्याच्या वजनाचा चौथा हिस्सा तांबे असते. नुसते मोरचूद पाण्यात पूर्ण विरघळते, आम्लधर्मी असते आणि पाने जाळते. चुन्याच्या निवळीशी त्याची गाठ पडली की न विरघळणारी तांब्याची संयुगे तयार होतात. निळा, दुधट साका दिसतो तो त्यांचा. हा साका पानाला चिकटतो आणि दमट हवेत अगदी थोडे थोडे तांबे सोडत राहतो. पानावर येऊन पडलेला बीजाणू त्या थेंबभर पाण्यात मरतो. मिश्रण बरोबर झाले की नाही हे शेतकरी लोखंडी खिळा किंवा विळा बुडवून पाहतात. त्यावर तांबूस थर बसला तर मोरचूद शिल्लक आहे, आणखी चुना घालायला हवा. आठवी-नववीच्या पुस्तकातली विस्थापन अभिक्रिया ती हीच. बागेत ती रोज घडते, पण तिची खूण मुलांना कुणी दाखवत नाही. हळदीचा कागद त्यात बुडवला आणि तो लाल झाला, तर मिश्रण अल्कधर्मी झाले हेही कळते. (मोरचूद विषारी आहे, प्रयोग शिक्षकांनी स्वतः करून दाखवावा आणि नंतर हात धुवावेत.)

ही युक्ती भारतात आली ती मुख्यतः सुपारीच्या मार्गाने. म्हैसूर संस्थानातले शास्त्रज्ञ लेस्ली कोलमन यांनी सुपारीच्या कोळेरोगावर काम करून १९१० मध्ये आपला अहवाल प्रसिद्ध केला आणि बोर्डो मिश्रणाची शिफारस केली. तोवर तिकडचे बागायतदार पावसाळ्यापूर्वी प्रत्येक घडावर सुपारीच्याच पोयीची टोपी बांधत. कोळेरोगही फायटोफ्थोराचाच. कोकणात आणि गोव्यात सुपारीच्या बागांना आजही पावसाळ्यात बोर्डो फवारतात. झाडावर चढून, दोरीला लटकून फवारणारे कारागीर ज्यांनी पाहिले असतील त्यांना या मिश्रणाचा इतिहास वेगळा सांगायला नको.

महाराष्ट्रातली द्राक्षशेती जुनी आहे. चौदाव्या शतकात आलेल्या इब्न बतूताने दौलताबादच्या द्राक्षांचे आणि डाळिंबांचे वर्णन केले आहे आणि वर्षातून दोनदा फळ येते असे म्हटले आहे. ही दोनदाची गोष्ट आपल्या विषयाला महत्त्वाची आहे. फ्रान्समध्ये हिवाळ्यात द्राक्षवेल पाने टाकून झोपते. नाशिक-सांगलीकडची वेल झोपत नाही. म्हणून आपल्याकडे तिची छाटणी दोनदा करतात. एप्रिलमधली खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमाराची फळछाटणी. पीक एकच घेतले तरी वेल बाराही महिने पानावर असते आणि त्यातले चार महिने पावसाचे. केवडा, करपा, भुरी यांना एवढी लांब संधी युरोपात मिळत नाही. साहजिकच आपल्या बागायतदाराला फवारणीचा पंप वर्षातला बराच काळ हाताशी ठेवावा लागतो.

एक हिशेब करून पाहू. एक हेक्टर द्राक्षबागेवर एक टक्का बोर्डो मिश्रणाचे १००० लिटर फवारले, तर १० किलो मोरचूद लागले, म्हणजे तांबे अडीच किलो. हेक्टरभर जमिनीतल्या वरच्या १५ सेंटिमीटर मातीचे वजन साधारण २० लाख किलो भरते. अडीच किलो म्हणजे २५ लाख मिलिग्रॅम. ते सगळे या मातीत मिसळले, तर दर किलो मातीमागे सव्वा मिलिग्रॅमची भर पडली. आकडा क्षुल्लक वाटतो. पण वर्षात अशा चार फवारण्या धरल्या तर ५ मिलिग्रॅम आणि तीस वर्षांत १५० मिलिग्रॅम. फवारणीची औषधे पुष्कळदा महिना-दोन महिन्यांत विघटन पावतात. सेंद्रिय रेणू सूर्यप्रकाशाने, पाण्याने, जिवाणूंनी तुटतो. तांबे हे मूलद्रव्य आहे. ते तुटून दुसरे काही होऊ शकत नाही. जमिनीतल्या चिकणमातीशी आणि कुजलेल्या सेंद्रिय द्रव्याशी ते घट्ट बांधले जाते, म्हणून पाण्याबरोबर फार खोलही जात नाही. वरच्या वीतभर थरातच राहते.

मग पिकाबरोबर तरी ते बाहेर जात असेल? इथे आकडे फार बोलके आहेत. एक किलो संत्र्यात तांबे अर्ध्या मिलिग्रॅमहून कमी असते. हेक्टरी १० टन फळ काढले तरी त्याबरोबर ५ ग्रॅमसुद्धा तांबे जमिनीबाहेर गेले नाही. जमा किलोंत आणि खर्च ग्रॅमांत, अशी ही वही आहे. (याच आकड्याची दुसरी बाजू अशी की तांबे फळात साठत नाही. संत्री खाणाऱ्याने घाबरण्याचे कारण नाही. शिवाय तांबे आपल्या शरीरालाही थोडेसे लागतेच.)

युरोपात हा जमाखर्च शंभर वर्षांनी मांडला गेला. जुन्या फ्रेंच मळ्यांच्या मातीत किलोमागे काही शे मिलिग्रॅम तांबे सापडू लागले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपव्यापी पाहणीत सर्व प्रकारच्या जमिनींची सरासरी किलोमागे सुमारे १७ मिलिग्रॅम, तर द्राक्षमळ्यांची ४९ मिलिग्रॅम निघाली. ही सरासरी आहे. तीत नवे मळेही आले. ब्राझीलच्या दक्षिणेकडील रिओ ग्रांदे दो सुल प्रांतात इटालियन स्थलांतरितांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस द्राक्षे लावली. तिथली हवा दमट, म्हणून फवारण्याही अधिक. काही जुन्या मळ्यांत ३२०० मिलिग्रॅमपर्यंतचे आकडे नोंदले गेले. पोर्तुगालमध्ये तर १९६९ साली डॉक्टरांनी वर्षानुवर्षे बोर्डो फवारणाऱ्या मजुरांच्या फुप्फुसांत तांबे आणि त्याने झालेले व्रण दाखवून दिले. फवारताना तोंडाला फडके बांधा असे आपण सांगतो, त्यामागे हा इतिहास आहे.

मातीतल्या जास्तीच्या तांब्याचा पहिला फटका गांडुळांना बसतो. इंग्लंडमधल्या सफरचंदाच्या एका बागेत १९६० च्या सुमारास फ्रँक रॉ या संशोधकाला झाडांखाली न कुजलेल्या पानांची जाड गादी साचलेली आढळली. पाने ओढून जमिनीत नेणारी गांडुळेच तांब्याच्या फवारण्यांमुळे तिथून नाहीशी झाली होती.

द्राक्षावर तांबे हा एकच धातू पडला असेही नाही. जर्मनीत मोझेल खोऱ्यात आणि इतरत्र किडींसाठी आर्सेनिकची संयुगे फवारली जात; मळ्यांतले मजूर आजारी पडू लागले आणि १९४२ मध्ये द्राक्षांवरचा त्यांचा वापर बंद करण्यात आला. अमेरिकेतल्या सफरचंदांच्या जुन्या बागांत लेड आर्सेनेटमधले शिसे अजून आहे. आपल्याकडे बियाण्याला चोळायची पाऱ्याची औषधे होती. तीही पुढे बंद झाली. फॉस्फेट खतांबरोबर कॅडमियमचा अंश येतो, म्हणून युरोपीय संघाने २०२२ पासून त्यावर मर्यादा घातली आहे. यांतल्या आर्सेनिक, शिसे, पारा यांना पर्याय सापडले आणि ते मागे पडले. तांबे मात्र राहिले, आणि त्याला सबळ कारण आहे.

ते कारण १९८० च्या आसपास स्पष्ट झाले. मेटॅलॅक्सिल नावाचे अत्यंत प्रभावी औषध १९७७ मध्ये आले आणि केवड्याचा प्रश्न सुटला असे वाटले. तीन-चार वर्षांतच त्याला न जुमानणारे वाण बटाट्याच्या आणि द्राक्षाच्या रोगात दिसू लागले. नवे औषध रोगजंतूच्या पेशीतल्या एकाच कळीच्या जागी घाव घालते. तेवढी जागा बदलली की जंतू सुटला. तांबे एकाच वेळी अनेक विकरांवर आघात करते, त्यामुळे शंभरावर वर्षे वापरूनही केवड्याला त्याची सवय झालेली नाही. शिवाय ते स्वस्त आहे. आणि एक विसंगती अशी की सेंद्रिय शेतीत कृत्रिम औषधांना बंदी असली तरी बोर्डो मिश्रण चालते. म्हणजे 'सेंद्रिय' असे लिहिलेल्या बाटलीतली द्राक्षे ज्या मातीत पिकली तिच्यात तांबे कमी असेलच असे नाही! युरोपीय संघाने तांबे बंद केले नाही. १ जानेवारी २०१९ पासून त्याने सात वर्षांत हेक्टरी २८ किलो, म्हणजे वर्षाला सरासरी ४ किलो, अशी मर्यादा घातली.

आपल्या द्राक्षांचा हिशेब युरोपच्या बाजारामुळे वेगळ्या दिशेने सुरू झाला. २००३ मध्ये निर्यात झालेल्या द्राक्षांत कीटकनाशकाचे अंश सापडले, तेव्हा मोठी खळबळ उडाली. त्यानंतर मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या देखरेखीखाली निर्यातीच्या बागांची नोंदणी आणि द्राक्षांची तपासणी होऊ लागली. काम चांगले झाले. पण या व्यवस्थेचा रोख फळावर होता, कारण ग्राहक फळाचा असतो. मातीला ग्राहक नसतो.

आता परत वलगावच्या बागेत येऊ. फ्रान्सचे किंवा ब्राझीलचे आकडे जसेच्या तसे इथे लावता येणार नाहीत. याची दोन कारणे आहेत.

पहिले असे की वऱ्हाडची काळी माती बेसाल्ट खडकापासून झालेली आहे आणि दख्खनच्या बेसाल्टमध्ये तांबे मुळातच भरपूर, किलोमागे १०० मिलिग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून जास्त असते. युरोपात सांडपाण्याचा गाळ शेतात घालण्याविषयी १९८६ साली जो नियम झाला, त्यात मातीतल्या तांब्याची मर्यादा ५० ते १४० मिलिग्रॅमच्या दरम्यान ठरवली आहे. त्या मापाने मोरचुदाचा कणही न पडलेली आपली एखादी जमीन 'प्रदूषित' ठरेल. म्हणून आकडा हातात आला की लगेच घाबरून जाऊ नये. शेजारच्या, कधीही फवारणी न झालेल्या धुऱ्यावरच्या मातीत किती तांबे आहे ते आधी पाहावे.

दुसरे कारण मातीचा स्वभाव. पूर्णेच्या खोऱ्यातली माती चुनखडीयुक्त आणि अल्कधर्मी आहे. अशा मातीत तांबे चुन्याला आणि चिकणमातीला धरून बसते. मुळांना सहज मिळत नाही. फ्लोरिडाचे उदाहरण याच्या नेमके उलट आहे आणि ते संत्र्याचेच आहे. तिथल्या आम्लधर्मी, रेताड जमिनीत तांब्याची कमतरता होती, म्हणून खतातून तांबे दिले गेले. वर रोगासाठी फवारणी होतीच. १९५० च्या सुमारास जुन्या बागांची पाने पिवळी पडू लागली, मुळे खुरटली. रॉयथर आणि स्मिथ या संशोधकांनी मातीतल्या साचलेल्या तांब्याशी त्याचा संबंध दाखवला. जास्तीचे तांबे मुळांना लोह घेऊ देत नव्हते. उपाय म्हणून जमिनीत चुना घालण्याचा सल्ला दिला गेला. आपल्याकडे तो चुना निसर्गानेच घालून ठेवला आहे.

तेव्हा वऱ्हाडातला संत्रा उत्पादक तसा सुरक्षित म्हणायचा का? माझे मत असे की तसे सरसकट म्हणता येणार नाही. द्राक्षावर फवारलेले तांबे निदान शेतभर पसरते. संत्र्याची पेस्ट खोडावर लागते आणि खोडाच्या बुडाशीच उतरते. एका झाडाला एका वेळी पाव लिटर पेस्ट लागते असे समजू. त्यात तांबे सव्वासहा ग्रॅम. पावसाळ्यापूर्वी एकदा आणि नंतर एकदा, म्हणजे वर्षाला साडेबारा ग्रॅम. सहा बाय सहा मीटर अंतरावर हेक्टरी २७७ झाडे बसतात. म्हणजे वर्षाला सुमारे साडेतीन किलो. युरोपच्या चार किलोंच्या आतच झाले. पण हे साडेतीन किलो हेक्टरवर पडतच नाहीत. प्रत्येक खोडाभोवतीच्या एखाद्या चौरस मीटरवर पडतात. तेवढ्या जागेतली वीतभर खोल माती साधारण २०० किलो. सगळी पेस्ट तिच्यात उतरली असे धरले तर किलोमागे वर्षाला साठ मिलिग्रॅमच्या वर भर पडली. निम्मीच उतरली तरी तीस. दहा वर्षांत तीनशे. बाग तर वीस-पंचवीस वर्षे उभी असते.

आणि नेमकी हीच जागा आपण तपासत नाही. बागेतला मातीचा नमुना खोडाजवळून घेऊ नये, झाडाच्या घेराच्या कडेला, जिथे खत घेणारी मुळे असतात तिथून घ्यावा, असे सांगितले जाते. खतांच्या शिफारशीसाठी ते योग्यच आहे. पुढे प्रयोगशाळेत तांबे मोजले जाते ते मुळांना मिळू शकणारे तांबे. ठराविक द्रावणाने मातीतून निघेल तेवढेच. १९७८ मध्ये लिंडसे आणि नॉर्वेल यांनी ही पद्धत मांडली तीच मुळी सूक्ष्म अन्नद्रव्यांची कमतरता ओळखण्यासाठी. किलोमागे ०.२ मिलिग्रॅमच्या खाली तांबे आले की कमतरता. २०१५ पासून मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेतही बारा घटकांत तांबे आहे, पण तिथेही ते कमी आहे की पुरेसे आहे, हाच प्रश्न आहे. ज्या मापाने उणीव शोधायची त्याच मापाने साठा कळत नाही.

याचा त्रास असा की वऱ्हाडात संत्र्याची पाने पिवळी पडणे ही नेहमीची तक्रार आहे. शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा. जस्ताची आणि लोहाची कमतरता हे त्याचे उघड कारण आणि बहुतेक वेळा खरेही. शेतकरी हिराकस आणि झिंक सल्फेट फवारतो. जुन्या बागेत बुंध्याजवळ साचलेल्या तांब्याचाही त्यात काही वाटा आहे का, हे पाहिल्याशिवाय कळणार कसे? लक्षण तर तेच दिसणार.

पेस्ट लावणे बंद करा असा याचा अर्थ मुळीच नाही. डिंक्याने बाग गेली तर संसार जातो. परंतु डिंक्या येतो तो बुंध्याशी पाणी साचल्याने. पाटाने पाणी मोकळे सोडले की रोगाचे पोहणारे बीजाणू एका झाडाकडून दुसऱ्याकडे जातात. म्हणून दुहेरी आळे करून पाणी खोडाला लागू न देणे, ठिबक वापरणे, कलमाचा डोळा जमिनीपासून वीतभर तरी उंच असलेली रोपे घेणे, खोडाला मातीची भर न लावणे आणि जंबेरीपेक्षा रोगाला अधिक तोंड देणारा रंगपूर लिंबाचा खुंट निवडणे ही कामे आधी. ती नीट झाली की पेस्ट कमी लागते.

शाळेला यात करण्याजोगे एक काम आहे. जुलै-ऑगस्टमध्ये, जमीन ओली असताना, एखाद्या जुन्या बागेत परवानगी घेऊन एकाच मापाचे तीन खड्डे करायचे, एक फूट लांब, रुंद आणि खोल. एक बुंध्याशी, एक घेराच्या कडेला, एक धुऱ्यावर. बुंध्याशी खणताना मोठी मुळे तोडायची नाहीत. निघालेली गांडुळे मोजायची आणि परत सोडायची. पाच-सहा झाडांखाली हे केले की आकड्यांना काही अर्थ येतो. बुंध्याशी सावली आणि ओल जास्त असते, त्यामुळे तिथे गांडुळेही जास्त असायला हवीत. तसे न दिसले तर त्या तीन जागांची माती वेगवेगळ्या पिशव्यांत भरून प्रयोगशाळेकडे द्यावी आणि 'उपलब्ध' तांब्याबरोबर 'एकूण' तांबेही मोजायला सांगावे. ही चाचणी नेहमीची नाही, मुद्दाम मागावी लागते. आणि पिशवीबरोबरच्या चिठ्ठीवर बागेचे वय आणि वर्षाला किती वेळा पेस्ट लावली हे लिहावे. ते कुठल्याच दप्तरात नसते. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारावे लागते.